सायकल, सासूबाई आणि महिला गट

सायकल चालवणाऱ्यांकडे किस्से आपोआप जमतात. चेनवरचा काळा मळ आज पुसला तरी उद्या तेवढाच परत, तसं आहे हे. पुरुषांचे किस्से स्पीडचे, चढाचे, पंक्चरचे असतात. माझ्याकडे मात्र टोमण्यांचाच स्टॉक जास्त. चारचौघांत मी ते हसत हसत सांगते. घरी आल्यावर जी चिडचिड होते ती वेगळी!

तर मी वर्षा. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. लॅबला जायच्या आधी रोज सकाळी सायकल चालवते. घरी नवरा दिनेश आणि सासूबाई. सासूबाई नरखेडकडच्या, आवाज खणखणीत. सायकल पोस्टमननं चालवावी, सुनेनं नाही, हे त्यांचं ठाम मत!

* * *

सायकलिंगची टाइट पँट घालून आमच्या गल्लीतून जायची सोय नव्हती. म्हणून मी वरून सलवार चढवायची. कोपऱ्यावर दुधाच्या बूथमागे ती काढायची, घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबायची. परतताना उलटा कार्यक्रम.

बरेच महिने हे सुखात चाललं. मग एक दिवस बूथवाल्यानं पाहिलं. घरी पोचते तर सासूबाई दारातच उभ्या.

"काहून वं, चौकात कपडे काढून राहिली म्हणते तू?"

समोरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. मी घाबरून म्हटलं, "आई, आत पूर्ण कपडे असतात हो!" आणि पुराव्यादाखल सलवारीचा पाय वर करून पँट दाखवली. त्या पँटीनं प्रकरण आणखीच चिघळलं!

* * *

आमच्या सायकल ग्रुपचा कॅप्टन बंडूभाऊ. त्याचा पहिला नियम: कोणालाही मागे सोडायचं नाही. दर रविवारी निघताना तो हे मोठ्यानं म्हणतो आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतो.

एकदा उमरेड रोडवर माझं चाक पंक्चर झालं. मी हाका मारल्या. कोळशाचे ट्रक धडाधड जात होते, हाक कोणाला ऐकू जाणार! एकटीनं ट्यूब बदलली, हात-तोंड काळं झालं. तेवढ्यात फोन वाजला. बंडूभाऊ!

मला वाटलं, आता विचारेल कुठे आहात. तो म्हणाला, "ताई, आम्ही टपरीवर पोचलो. तुमच्या पोह्यावर तर्री जास्त सांगू का कमी?"

खरं सांगते, त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून रडले मी.

याच बंडूभाऊला मी एका रविवारी चढावर मागे टाकलं. वर पोचल्यावर तो म्हणाला, "आज माही रिकव्हरी राइड होती. मुद्दाम हळू चालवून राहिलो होतो." पुढच्या रविवारी दुसऱ्याला मागे टाकलं, त्याचीही रिकव्हरी! आमच्या ग्रुपमधले पुरुष तसे ठणठणीत आहेत. मी पुढे गेले की मात्र एकजात सगळ्यांची रिकव्हरी सुरू होते.

* * *

आता नवऱ्याबद्दल. दिनेश स्वभावानं वाईट नाही. सायकलला त्यानं कधी नाही म्हटलं नाही, आणि हे तो सगळ्यांना सांगतो. वास्तुशांत असो, बारसं असो, "मी वर्षाला फुल फ्रीडम दिलं आहे!"

मग बायका माझ्याकडे वळतात. "नशीबवान आहेस हो, असा नवरा मिळायला पुण्य लागतं." पुरुष त्याची पाठ थोपटतात. मी पहाटे उठून डबे करते, मग चढ चढते, मग लॅबमध्ये दिवसभर उभी राहते. दम माझा निघतो, शाबासकी त्याला!

एकदा मी विचारलंच, "तुला क्रिकेट खेळायचं फ्रीडम कोणी दिलं रे?" तो मनापासून विचारात पडला. म्हणाला, "त्यात देण्यासारखं काय आहे?"

* * *

मागच्या हिवाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. मी सायकलवर होते. दिनेश बाजूच्या खोलीत झोपला होता. मनगट थोडं मुरगळलं, आठवड्यात बरंही झालं. पण बघायला जो येईल तो विचारी, "सून कुठे होती?" मुलगा कुठे होता, हे एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. त्याला हाक ऐकू आली नव्हती, एवढ्यावर त्याचं भागलं.

त्यानंतर सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. रोज सकाळी सायकलकडे बघून देवाला हात जोडायच्या. शेवटी दिनेशनं मधला मार्ग काढला.

"वर्षा, तू एक रेस कर. पहिला नंबर आला तर आई सायकलवरून पुन्हा काही बोलणार नाही. नाही आला तर सायकल विकून टाकू."

माझ्या सायकलचा सौदा मला न विचारता झाला! मी काही म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चालते. मी शब्दाची पक्की हाओ."

मीही चिडून हो म्हटलं. ती सकाळची वेळ सोडली तर दिवसात माझं असं काहीच नव्हतं, आणि तेच आता पणाला लागलं होतं.

* * *

रेस आमच्याच ग्रुपनं ठेवली होती. बंडूभाऊ म्हणाला, "निदान पाच लेडीज आणा, नाही तर महिला गट होत नसतो." पुरुषांच्या गटाला अशी अट नव्हती. मी लॅबमधल्या दोघींना तयार केलं, शेजारची कॉलेजची मुलगी घेतली, बंडूभाऊच्या बायकोलाही मीच पटवलं. गट झाला.

दिनेश सासूबाईंना कारनं घेऊन आला. स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणे उशिरा आले, म्हणून आधी जेन्ट्सना सोडलं. आम्ही उन्हात ताटकळलो. शेवटी आम्हालाही सोडलं.

मिहानपर्यंत जाऊन परत यायचं होतं. आम्ही वळणावर पोचलो तर पाणी देणारी पोरं निघून गेलेली, रस्ताही गाड्यांना मोकळा केलेला. स्कूटर चुकवत, रिक्षा चुकवत मी जीव खाऊन पायडल मारत होते. बाकीच्या चौघी कधीच मागे पडल्या होत्या. आयुष्यात कधी अशी सायकल चालवली नव्हती. पोटऱ्या पेटल्या होत्या आणि मला तरी इतका आनंद झाला होता की मी एकटीच ओरडत होते.

फिनिशला पोचले तर कमान जमिनीवर आडवी. दोन माणसं तिच्यातली हवा काढत होती. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या.

बंडूभाऊ माइकची वायर गुंडाळत होता. "अरे ताई, कुठं होत्या तुम्ही? बक्षिसं होऊन गेली!"

"कुठे असणार? रेसमध्ये!"

"पाहुण्यांले घाई होती न. ते म्हणे, लेडीजचं आटपा लवकर. आता लेडीज तर रोडवर! मंग समोर ज्या लेडीज बसल्या होत्या, त्याइलेच बोलावलं. टेन्शन नका घेऊ, मेडल तुमच्या घरातच गेलं."

मी वळून पाहिलं. सासूबाई कारमध्ये मागच्या सीटवर बसल्या होत्या. वयानं सगळ्यात मोठ्या, म्हणून महिला गटाचा पहिला नंबर त्यांच्या गळ्यात!

मी हेल्मेट काढून कारपाशी गेले. दिनेशच मध्ये पडला. "आई, आला ना आता पहिला नंबर? शब्द पाळ मग."

सासूबाईंनी पदरानं मेडल पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आला न, कोण नाही म्हणते? पण तो माहा आला. तिचा कुठी आला?"