तीन गाड्या आणि एक गुडघा

नवरा आणि जुनी गाडी विकणारा माणूस, ह्या दोघांपैकी कुणीही "काहीच त्रास नाही" म्हणालं की माझे कान टवकारतात. गेल्या वर्षी हे दोन्ही आवाज मला एकदमच ऐकावे लागले, कारण आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्या झाल्या जाहीर केलं, आता ती गाडी घ्यायची.

ती गाडी म्हणजे बुटकी, गुरगुरणारी, पळायला वस्ताद. मुलगी शाळेत होती तेव्हापासून ह्यांच्या मनात बसलेली. तेव्हा नवी परवडली नाही आणि आता ती निघायचीच बंद झालीय. जुन्या बाजारात तिचे तीन अवतार मिळतात: पहिलं मॉडेल, मधलं आणि शेवटचं. ह्यांच्या लेखी पहिलं तेच खरं, मधलं सुस्तावलेलं, आणि शेवटचं म्हणजे समोर टीव्हीसारखा पडदा बसवलेलं खेळणं. तिन्हींत क्लच दाबून गिअर टाकावाच लागतो, आणि नेमका ह्यांचा डावा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून स्पष्ट सांगितलं होतं, सांधा बदलावा लागेल. हे मात्र तेल चोळून "आता काहीच त्रास नाही" म्हणत फिरत होते. हा गुडघा भर रस्त्यात दगा देणार, हीच माझी धास्ती होती.

पण मी वाद घातला नाही. बरोबर गेले. म्हटलं, गुडघा फसवा असला तरी निदान गाडी फसवी नको.

कोल्हापुरात जुनी गाडी बघायची तर पहिला प्रश्न पुराचा. उत्तर सगळ्यांचं एकच, "पाणी आमच्या गल्लीत आलंच न्हाय." निम्मं शहर पाण्यात होतं तेव्हा विकायच्या सगळ्या गाड्या जणू पन्हाळ्यावर हवा खायला गेल्या होत्या. म्हणून मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघते. वरचा पट्टा सगळेच धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते.

कळंब्याला पहिलं मॉडेल होतं. पट्टा ओढला तर कोरा करकरीत. एवढ्या जुन्या गाडीला नवा पट्टा कशाला?

"उंदरानं कुरतडला हुता वहिनी," मालक म्हणाला.

उंदराने नेमके सगळे पट्टे कुरतडले, आणि सीटला तोंडही लावलं नाही! तेवढ्यात हे एक चक्कर मारून आले. उतरायच्या आधी वाकून, खालची दांडी ओढून सीट पुढे सरकवत बसले.

"काय करताय?"

"रूळ अडकतोय काय बघतोय." मग उतरून म्हणाले, "ही नको. क्लच लई जड हाय."

ह्याच मॉडेलवरून जीव ओवाळून टाकणारा माणूस इतक्या पटकन नको म्हणतो? मला खटकलं. पण मला ते पट्टे पसंत नव्हतेच, म्हणून आम्ही पुढची गाडी बघायला निघालो.

मधलं मॉडेल शाहूपुरीत एका एजंटाकडे होतं. दार उघडलं आणि अत्तराचा भपकारा आला. इतकं अत्तर मारलंय म्हणजे खाली काहीतरी कुजतंय. मीटर सांगत होता गाडी फारशी पळालेली नाही, आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. मी ते बोटाने दाखवलं तर एजंट म्हणतो, "म्याडम, तुम्ही पोलिसात हुता काय?" हे चक्कर मारून आले ते घामाघूम. पुन्हा सीट पुढे. पुन्हा क्लच जड.

शेवटचं मॉडेल बघायला गारगोटीला गेलो. मालकाचं कापडाचं दुकान. त्याने आधी चहा पाजला, त्यामुळे माझा संशय वाढला. पायाखालचं मॅट उचललं तर खाली लालसर डाग. सापडला की गंज! बोट ओलं करून घासलं तर बोट गुलाबी झालं.

मालक हसत सुटला. "गुलाल हाय वहिनी. गाडी घेतली तवा पैली जोतिबाला नेलती. किती धुतली तरी निघंना झालाय."

पट्टे बघितले, इंजिन बघितलं, डिकीतल्या स्टेपनीखालीसुद्धा हात घातला. काही सापडेना. हे चक्कर मारून आले आणि चेहरा खुललेला. "क्लच बघ, लोण्यासारखा!"

खेळणं म्हणून हिणवलेली गाडी! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन गाड्या झाल्या, पण इंजिन, पिकअप, ब्रेक, ह्यांनी कशाबद्दलच चकार शब्द काढला नव्हता. नुसता क्लच. ह्यांना मी दुकानाच्या पायरीपाशी बाजूला घेतलं.

"खरं सांगा. पाय उचलत न्हाई न्हवं? म्हणून हलका क्लच हुडकताय."

ह्यांनी भिंतीला हात टेकवला. "न्हाय उचलत. कळंब्यालाच कळलं. गल्लीच्या टोकाला गाडी लावून बसून हुतो जरा."

"मग ही तरी कशाला घ्यायची? कशी चालवणार?"

"मी कुठं चालवणार हाय?" म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

घरची छोटी गाडी मी भाजी मंडईपर्यंत नेते, तेवढंच माझं ड्रायव्हिंग. हे माझ्याहून हातभर उंच, त्यामुळे ह्यांच्यानंतर बसले की आधी सीट पुढे ओढायची, मग आरसा खाली करायचा. मी गाडीत बसले आणि सवयीने हात सीटखाली गेला. पण पाय पॅडलवर बरोबर पोचले होते. आरशाकडे हात नेला, तर आरशात मागचा रस्ता सरळ दिसत होता.

मी तीन ठिकाणी गाळ शोधत हिंडत होते आणि हा माणूस माझ्या पायाचं माप घेत होता. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं?

हे वळसा घालून आले, शेजारच्या सीटवर बसले आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"दाब की," म्हणाले. "जमतंय काय बघ."

मी दाबला. खरंच हलका होता.