अण्णांची लाईन बंद होती

सुनंदाताईंनी पहिली ओळ घेतली आणि माझ्याकडं वळून पाहिलं. गायिकेनं गाता गाता कीबोर्डवाल्याकडं असं पाहिलं की समजायचं, पट्टीत घोटाळा आहे. मी हात उचलला. घोटाळा तसाच राहिला, म्हणजे माझा नव्हता. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला अण्णा वाजवत होते.

इंदापुरातल्या एका मंगल कार्यालयात महिला मंडळाचा दुपारचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला. मेन कीबोर्ड अण्णांकडं. माझ्याकडं सेकंड कीबोर्ड, म्हणजे गाण्याच्या मागचे व्हायोलिनचे थर, मधले बासरीचे तुकडे वगैरे.

अण्णा बावड्याचे. आमच्या भागातले ऑर्केस्ट्रे पेटीवर चालायचे, तेव्हा त्यांनी मुंबईहून सिंथेसायझर आणला होता. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते लोणी भापकरच्या जत्रेत, कॉलेजात असताना. सनईचा पीस वाजला आणि माणसं सनईवाला कुठं बसलाय ते बघायला लागली. मी स्टेजच्या कडेला गेलो. अण्णा एका हातानं वाजवत होते आणि दुसऱ्या हातानं पिच बेंड फिरवत होते. पिच बेंड म्हणजे कीबोर्डच्या डाव्या बाजूचं छोटं चाक. ते ढकललं की सूर घसरत जातो. त्या चाकावर अण्णांचा अंगठा जसा फिरायचा, तसा माझा अजून फिरत नाही. मी कीबोर्ड घेतला तो त्या जत्रेमुळं.

पुढं फ्लॉपीची मशीनं आली. तबला-ढोलकीचे ठेके फ्लॉपीतून लोड करायचे. उन्हाळ्यात मांडवातल्या उकाड्यात फ्लॉपी हमखास दगा द्यायची. मग आम्ही घामाघूम होऊन बटणं दाबत बसायचो आणि अण्णा डाव्या हातानं बेसवर ठेका धरून गाणं पुढं न्यायचे. आता सगळं पेन ड्राईव्हवर आलंय. पण नवं मशीन घेतलं की मी आधी बावड्याला जायचो. अण्णांनी हात फिरवून "बरं हाय" म्हटल्याशिवाय मला ते आपलं वाटायचं नाही.

त्या दुपारी झालं ते असं. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच जागी ठेवूनही सूर वर किंवा खाली सरकतो. आधीचं गाणं पुरुष गायकाचं होतं, त्यासाठी अण्णांनी ट्रान्सपोज एक घर वर नेला होता. तो खाली आणायचा राहिला. असं आम्हा सगळ्यांचं होतं. पण पहिल्या दोन सुरांत कान ओरडतो आणि आपण बटण दाबतो.

अण्णांनी दाबलं नाही. मान हलवत, मजेत वाजवत राहिले. एक घर वर.

मिक्सरवर ऑर्केस्ट्राचे मालक बंडूशेठ स्वतः बसले होते. त्यांनी अण्णांचा फेडर खाली ओढला. फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी, प्रत्येक वाद्याला एक. ती खाली आली की त्या वाद्याची लाईन बंद, आवाज हॉलमध्येही नाही आणि वाजवणाऱ्याच्या समोरच्या मॉनिटर स्पीकरमध्येही नाही. शेठनी मला खूण केली. मी अण्णांचा भाग वाजवायला घेतला. सुनंदाताईंचा चेहरा सैल झाला.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मॉनिटर सबंध गाणंभर मुका होता आणि अण्णांना ते कळलं नव्हतं. चुकून बटण राहिल्याची गोष्ट नव्हती ही.

मध्यंतरात शेठनी मला मिक्सरपाशी बोलावलं.

"म्हाताऱ्याला सांग, मशीन बिघडलंय. खाली बसव."

"मशीन चांगलं हाय, शेठ."

"मला काय ठावं न्हाय व्हय? पण पुढच्या हाफला असंच झालं तर मंडळ परत बोलवंल का आपल्याला?"

"मी सांगतो त्यांना. खरं काय ते सांगतो."

"तुझं तू बघ. त्यांची लाईन मी काय चालू करणार न्हाय."

अण्णा कार्यालयाच्या मागं चहा पीत उभे होते. मी जवळ जाऊन हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. समोर गेलो तेव्हा हसले.

"अण्णा, तुमचा ट्रान्सपोज चढलेला राहिला हुता."

"कवा?"

"ताईंच्या गाण्याला. पयल्या ओळीपासनं."

त्यांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "मग लोकं कशी काय गप बसली?"

"शेठनी तुमची लाईन बंद केली हुती."

"म्हंजे मी वाजवत हुतो, तवा आवाजच न्हवता?"

"न्हवता, अण्णा."

मग अण्णा आपण होऊन बोलले. आवाज मोठा होता. तो हल्ली मोठाच असायचा आणि मला ते वयाचं वाटलं होतं.

"उजव्या कानात येक सूर येतो, डाव्यात त्योच जरा खाली येतो. साधा सा दाबला तरी दोन वाजत्यात. समदं पत्र्यावर खडं टाकल्यावानी. ताईंच्या ओठांकडं बघतो, ड्रमवाल्याच्या काठीकडं बघतो अन् बोटं सोडून देतो. बोटांना ठावं हाय सगळं."

"कवापासनं?"

"लई दिस झालं. सांगून काय करणार हुतो?"

"दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"जाऊ की. पण आता मला घरी धाडू नका. मधनंच उठलो तर दहा जण इचारतील. लाईन लावू नका, मी नुसता बसतो. तू वाजव."

दुसरा हाफ तसाच झाला. अण्णा स्टेजवर बसले, प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मी तेच सूर माझ्या मशीनवर वाजवत होतो. बोटं त्यांची बघायचो, कारण मधले पीस त्यांचेच होते आणि त्यांना पाठ होते. एकही चुकला नाही. शेवटी मंडळाच्या अध्यक्षीणबाई श्रीफळ घेऊन आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "काय गोड हात आहे हो तुमचा." अण्णांनी त्यांच्या ओठांकडं पाहिलं, नमस्कार केला. मी केबल गुंडाळत होतो, मान वर केली नाही.

बारामतीत कानाच्या दवाखान्यात तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून हेडफोनमधून बारीक-मोठे आवाज ऐकवतात आणि कुठला ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. अण्णांचा आलेख उजवीकडं, म्हणजे उंच सुरांच्या बाजूला, सरळ खाली गेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्पीकरजवळ किती वर्षं काम केलंत?"

"सगळी," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि मेलेल्या परत येत नाहीत. कानाचं मशीन लावलं तर बोलणं कळेल.

"अन् गाणं?" मी विचारलं.

"गाण्याची खात्री देत नाही."

मशीन लावलं. बोलणं कळायला लागलं. घरच्यांना बरं वाटलं, फोनवर बोलता यायला लागलं. शेठनी नंतर बोलावलं नाही आणि अण्णांनीही विचारलं नाही. आता ते बावड्यात भावाच्या डाळिंबाच्या बागेत असतात.

मागच्या दिवाळीत मी भेटायला गेलो. माझ्या फोनवर त्यांच्याच एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणीतरी पाठवलं होतं. त्यांना आनंद होईल म्हणून लावलं. अण्णांनी थोडं ऐकलं. कपाळाला आठी पडली.

"कोण हाय ह्यो? लई बेसूर वाजवतोय."

मी फोन बंद केला. "हाय कुणीतरी बारामतीचा," म्हणालो आणि डाळिंबाचा भाव विचारला.

त्यानंतर मीही त्या काचेच्या खोलीत बसून आलो. माझाही आलेख उजवीकडं वाकायला लागलाय. रात्री डाव्या कानात बारीक शीळ वाजते. आता कार्यक्रमात कानात बोळे घालतो. नवे वाजवणारे हसतात, म्हणतात मजा येत नाही. खरं आहे, थोडी कमी येते. त्यांना मी एवढंच सांगतो, मॉनिटर कानाच्या उंचीवर लावू नका आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. शीळ ऐकू यायची वाट बघू नका. ती ऐकू येते तेव्हा काही पेशी आधीच गेलेल्या असतात.