गोऱ्यांचा रोग, आमची वस्ती

"चपला भायेर काढा."

डाकबंगल्याच्या पायरीवर उभा राहून आमदाराचा पीए म्हणाला. आम्हालाच म्हणाला. आमच्यापुढं चार माणसं बूट वाजवत आत गेली होती. एकाच्या बुटाला उसाच्या फडातला चिखल तसाच होता. त्यांना कुणी हटकलं नाही.

हुमनाबाद. मे महिना, भर दुपार. मी आणि माझी अक्का. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, गावच्या शाळेत मास्तरीण. तिच्या चपलांना मी मागून कापडी पट्टी शिवली होती. चालता चालता चप्पल पायातून गळाली तरी तिला कळायचं नाही, म्हणून.

मी पीएला म्हणाले, "हिला आजार हाय. पायातलं काढता येत न्हाई."

"आजार समद्यांनाच असतोय. तुमच्या लोकांना हितला नेम म्हाईत हाय. तू नवं काय काढायलीस?"

अक्कानं माझा हात दाबला. वाकली, पट्टी सोडली.

बोलावणं येईपर्यंत अंगणात थांबायचं होतं. अंगणात शहाबादी फरशी, तव्यागत तापलेली. मी ह्या पायावरनं त्या पायावर नाचत होते. अक्का भिंतीला टेकून शांत उभी. मला तिच्या सोसण्याचं कौतुक वाटलं. मग तिच्या पायांकडं लक्ष गेलं.

"अक्का, पाय भाजायलेत गं तुझे."

तिनं खाली बघितलं. "व्हय? मला न्हाई कळायलं."

घरी आल्यावर तळव्यांना फोड आले होते. पण ते नंतर.

आधी आजार सांगते. दोन वर्षांमागं फळ्यावर लिहिताना अक्काचा डावा डोळा अंधारला. महिन्यानं आपोआप उजळला. मग पायात मुंग्या. मग कमरेखाली दगड. मधेच सगळं बरं व्हायचं, ती शाळेत जायची, आणि पुन्हा कोसळायची. गाव म्हणालं, लकवा. काहीजण म्हणाले, भानामती. आमच्या बापानं दीक्षा घेतल्यापासून घरात देव-देवऋषी बंद, म्हणून नातेवाईकच टोमणे मारायचे, "घ्या आता. देव सोडले की असंच."

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठीतलं पाणी काढून तपासलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. म्हणाला, विजेच्या तारेवरचं रबर कुरतडावं तसं आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण खातं. मी विचारलं, का खातं? म्हणाला, माहीत नाही. औषध? हमखास असं नाही. आपल्याकडं किती जणांना आहे? म्हणाला, "कुणी शोधलंच नाही, बाई. शोधायला पैसा लागतो."

हे एवढं वाक्य घेऊन मी परत आले. मी युवक मंडळात होते, हँडबिलं लिहायची. पाणवठ्यावर लिहिलं होतं, मजुरीवर लिहिलं होतं. आता ह्यावर लिहायचं ठरवलं. आमदारानं विधानसभेत प्रश्न विचारावा, सरकारनं ह्या रोगाच्या शोधासाठी पैसा द्यावा. आमच्या घरात मराठी, पण राज्य कन्नडाचं. निजामाचं राज्य मोडलं, आम्ही म्हैसूर राज्यात आलो, मग त्याचं नाव कर्नाटक झालं. बापाची उर्दू गेली, आमची कन्नड आली. म्हणून अर्ज मी कन्नडात लिहिला. पहिली ओळ, "नावु केळुत्तेवे." आम्ही विचारतो. खाली तीन प्रश्न.

आत बोलावलं. चार-दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हणालं नाही. उन्हानं अक्काचा डोळा पुन्हा धुरकटला होता, ती माझा खांदा धरून उभी. आमदारानं कागद घेतला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"केळुत्तेवे. मागायलेत. बरं, काय पाहिजे? तीन चाकी सायकल? लिव्ह रं, एक. पंधरा ऑगस्टला स्टेजवर देऊ. फोटो निघंल."

तिथं मला माझी चूक कळली. कन्नडात विचारणं म्हणजे केळु आणि मागणंही केळुच. ऐकणंसुद्धा तेच. मी प्रश्न लिहिला होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि भीक वाचली. पुढं वाचायची त्याला गरजच वाटली नाही.

"साहेब, सायकल न्हाई मागायलो आम्ही. इचारायलोय. ह्या रोगाच्या शोधासाठी सरकार किती पैसा देतंय, ते तुम्ही विधानसभेत इचारा. देत नसंल तर द्यायला लावा."

"कोणता रोग?"

"मल्टिपल स्क्लेरॉसिस."

"काय?"

पुन्हा सांगितलं. "अजून एकदा म्हण की." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सगळे हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत गावातला एक डॉक्टर बसला होता. तो आमदाराला म्हणाला, "अप्पा, ह्यो गोऱ्यांचा रोग हाय. थंड मुलखातला. आपल्याकडं नसतोय."

आमदारानं मांडीवर थाप मारली. "आयला! गोऱ्यांचा रोग, आन् तुमच्या वस्तीत? सवलती कमी पडल्या व्हय गं? आता रोगबी मोठ्या लोकांचाच पाहिजे तुमाला?"

खोली हसली. चहा आणणाराही हसला. तो आमच्याच गल्लीतला होता.

अक्का वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "साहेब, माझी तपासणी झालीय. कागद आहेत."

"असतील. पण एका बाईसाठी सरकारनं शोध लावायचा? दहा तरी घेऊन ये. मग बोलू."

पीएनं सायकलचा फॉर्म पुढं सरकवला आणि शाईच्या पॅडची डबी उघडली. "अंगठा लाव."

माझी अक्का. आमच्या गल्लीत पहिली सही करणारी बाई. आईला सही तिनं शिकवली, मला तिनं शिकवली. अंगठा लावू नका म्हणून बायकांना सांगत घरोघर फिरली. त्या दिवशी तिच्या बोटांत पेन ठरत नव्हतं. तिनं अंगठा पुढं केला.

मी डबी मिटली. अंगठा मधे सापडता सापडता राहिला.

"सही करती ती. आज न्हाई जमली तर उद्या करंल. अंगठा मिळायचा न्हाई. सायकल तुमची तुमच्याकडंच ठेवा."

फॉर्म फाडला. दोन तुकडे करून टेबलावर ठेवले.

आमदार हसायचा थांबला. "माज आलाय हिला."

"व्हय," मी म्हणाले. "आलाय."

फाट्यावर बसमधून उतरल्यावर अक्का म्हणाली, "सायकल कामून नाकारलीस गं? बसायचं मला होतं. तुला न्हाई."

माझ्या हँडबिलात स्वाभिमान मोठ्या टायपात असायचा. तिला तर संडासाला जायलाही माणूस लागत होतं. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही.

पण आमदार दहा म्हणाला होता ना. मी निघाले. शनिवार-रविवार गावोगाव. दारात उभी राहून एकच विचारायचं, "घरात कुणी हाय का, डोळा जाऊन परत आला, पाय जाऊन परत आले, आन् पुन्हा गेले?" लोक आधी नाही म्हणायचे. मग आतल्या खोलीकडं बघायचे. संतपूरला एक हमाल सापडला. भानामती म्हणून त्याच्या पाठीवर डाग दिले होते. निंबर्ग्याला मोठ्या घरची सून. त्यांच्या ओसरीवर माझ्या बापाला कधी चढू दिलं नव्हतं. सासू मला हाताला धरून थेट माजघरात घेऊन गेली आणि कुजबुजली, "कुणाला सांगू नको माय. धाकटीचं लगीन व्हायचंय."

अकरा नावं झाली. सगळ्यांना हाच रोग आहे, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. तपासल्याशिवाय ते डॉक्टरलाही सांगता येणार नाही. तपासायला पैसा नाही, आकडा नाही म्हणून पैसा नाही, आणि तपासलं नाही म्हणून आकडा नाही. हे चाक कुणी फिरतं ठेवलंय ते मला आता दिसतंय.

यादी पोस्टानं पाठवली. पोच आली नाही. दुसऱ्यांदा पाठवली. तेव्हाही नाही.

आता कागद जाणार नाही. अधिवेशनाच्या दिवशी आम्ही जाणार. टेम्पो ठरलाय. हमाल येतोय. निंबर्ग्याची सून येते म्हणालीय, घरच्यांना न विचारता. अक्का सगळ्यात पुढं बसणार आहे, हे तिचं तिनं ठरवलंय. विधानसभेच्या दारात बसू. शोधाला पैसा मंजूर करा, एवढं एकच म्हणू. पोलीस येतील, उठा म्हणतील.

उठणार नाही. आमच्यातल्या निम्म्यांना तसंही उठता येत नाही.