लेबलं कापणारे कात्रीभावजी

तेव्हा घरात आम्ही चौघं. मी, माझे धाकटे दीर, त्यांची बायको सुंदरा, आणि त्यांची पोरगी पुष्पा. माझे मालक आधीच गेलेले. दिरांना इथं कानडी मुलखात, बन्नीमंटपच्या आमच्या गल्लीत सगळे कात्रीभावजी म्हणायचे. मीपण.

शिंपीकाम त्यांचं. गळ्यात दोरा, दोऱ्याला कात्री. जेवतानापण काढायचे नाहीत. सुंदरा म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलं का हिच्याशी?" ते म्हणायचे, "ही कुरकुर करत नाही."

शिवण संपली की दोरा तोडून म्हणायचे, "आयतू." झालं म्हणून.

जुना शर्ट भांड्याच्या बदल्यात भांडेवालीला द्यायचा तर आधी कॉलरचं लेबल काढून त्याचे तुकडे करायचे. मी म्हटलं, "सुम्ने, उगाच कशाला वेळ घालवता, भावजी?" म्हणाले, "वैनी, कोणी उसवून हलक्या शर्टाला लावील. लोक लेबल बघतात, कापड कोण बघतो?" एका दुकानदारानं मोठ्या कंपनीची लेबलं आणली होती, आपल्या शर्टांना लावून द्या म्हणून. भावजींनी पिशवी परत दिली. "बेडा स्वामी, नको. आमच्या हातनं नाही होत."

कोरोनाची दुसरी खेप आली, त्यात सुंदरा आजारी पडली. दवाखान्यात खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन बाहेरून आणा, इथलं संपलं. भावजी आणि पुष्पा सगळी दुकानं फिरले. शेवटी गेटजवळ एक माणूस भेटला. डब्यात बर्फ, बर्फात बाटली. भावजींनी चष्मा लावून लेबल वाचलं.

पुष्पा म्हणाली, "अप्पा, तो बिल देत नाही."

"लेबल बरोबर आहे गं. औषधात कोण तसं करील?"

इंजेक्शन दिलं. सुंदरा गेली. फोन आला तेव्हा भावजी मशीनवर होते. फोन ठेवला, म्हणाले, "आयतू." हातातली बाही पुरी केली. मी भात लावला. कोणी रडलं नाही.

पुढं पोलिसांनी त्या माणसाला धरलं, पुष्पाला बोलावून सांगितलं. बाटली खरी, लेबलपण खरं. कचऱ्यातली रिकामी बाटली उचलून मिठाचं पाणी भरलेलं. खऱ्या औषधानं सुंदरा वाचली असती का, ते डॉक्टरांनापण सांगता आलं नाही.

भावजी एवढंच म्हणाले, "टाकताना लेबल कोणी कापलं नाही."

मग औषधाची बाटली संपली की लेबल भिजवून काढायचे, कापायचे. शेजारीपाजारी जाऊन मागायचे. बायका ओरडायच्या, "अय्यो, कात्रीभावजी आले, बाटल्या लपवा गं!" तेपण थोडं हसायचे. तिथंच उभं राहून कापायचे.

यंदा उगादीच्या पाडव्यानंतर ते गेले. कात्री माझ्याकडे आहे. आता मी कापते.

मला सहीपुरतंच लिहिता येतं. हे पुष्पाकडून लिहून घेतलं. वाचाल त्यांनी एवढं करा. औषध संपलं की आधी बाटलीचं लेबल फाडा, मग बाटली टाका.