आईच्या मनगटासाठी पातं: तामलवाडी, नळदुर्ग, येरमाळा

कुऱ्हाड घ्यायला मी पुण्याहून धाराशिव जिल्ह्यात गेले, हे ऐकून ऑफिसात सगळे हसले. पुण्यात कुऱ्हाडी मिळत नाहीत का? मिळतात की. पण ती वापरणारी माझी आई तामलवाडीत एकटी राहते, आणि गेल्या पावसाळ्यात ओसरीवर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जरा वाकडंच. तेव्हापासून चूल पेटवायला लागणाऱ्या बारीक ढलप्या फोडून घेण्यासाठी तिला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, फर्मानच काढलं: स्वतःचं सरपण फोडता येत नसेल, तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं. आईला पुणं दोन दिवस मानवतं. तिसऱ्या दिवशी ती पिशवी भरायला घेते.

शुक्रवारी पहाटे निघाले. सोलापूर ओलांडून तुळजापूरच्या वाटेला लागलं की तामलवाडी येतं, त्यामुळे दुपारच्या जेवणाला पोचता येतं. आई दारातच म्हणाली, "कुऱ्हाडीसाठी एवढ्या लांबनं आलीस व्हय?" म्हटलं, उद्या तूही चल. सकाळी बघते तर ती माझ्याआधी तयार होऊन बसलेली.

शनिवारी तुळजापूरवरून नळदुर्गला गेलो. किल्ला बघायचा असेल तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की दगड तापतात. आईला किल्ल्यात काडीचा रस नव्हता. बाजारातल्या एका दुकानात मी लाल दांड्याची, चकचकीत कुऱ्हाड निवडली. धार अशी की अंगठ्यावरची लव निघेल. साडेसहाशे रुपये दिले आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. मला खरेदीतलं कळतं, असा माझा जुना समज आहे.

तो समज हायवेवरच्या ढाब्यावर उतरला. पिठलं, भाकरी आणि शेंगाची चटणी झकास होती, दोघींचे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत. मागे बाभळीचं सरपण रचलेलं दिसलं. मालकाला विचारून मी एक ओंडका उभा केला आणि घाव घातला. पातं बोटभर आत जाऊन रुतलं ते रुतलंच. मी ओढतेय, ओंडकाही माझ्याबरोबर येतोय.

मालक जवळ आला. "ताई, ही तोडायची कुऱ्हाड हाय. तुमाला फोडायचंय."

"फरक काय?"

"हिचं पातं पातळ. फांदी आडवी तोडाय बरी. उभं लाकूड फोडाय पाठ जाड लागती, पाचरीवानी. धार कमी असली तरी चालती. येरमाळ्याला रस्त्याकडंला एक लोहार जोडपं बसतंय, तिकडं जावा."

गाडीत आईने ती कुऱ्हाड पायाने सीटखाली सरकवली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. दादाला सांग, येती म्हणून." खरं सांगते, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. रोजची काळजी मिटली असती. आणि लगेच स्वतःचाच राग आला.

रविवारी तिला जवळजवळ ओढूनच येरमाळ्याला नेलं. धाराशिववरून रस्ता मोठा आणि चांगला आहे. येडेश्वरीचं दर्शन आधी उरकून घ्या, नंतर पायऱ्या चढायचा कंटाळा येतो. लोहाराचं पाल हायवेलगतच होतं. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला आणि घण बायको मारत होती. काय हवंय ते मी सांगितलं. तिने घण खाली ठेवला. "हात कुणाचा?"

दांडा वापरणाऱ्याच्या मुठीच्या मापाने घालायची त्यांची रीत. आईने हात पदराखाली घेतला होता. तिला अवघडायला नको म्हणून मी झटकन माझाच हात पुढे केला.

"ताई, लाकूड तुमी फोडणार हाय का? न्हाय ना? मग मावशींचा हात द्या."

आईने हळूच हात बाहेर काढला. डॉक्टर सोडून कुणाला तिने तो नीट बघू दिला नव्हता, मलासुद्धा नाही. लोहारणीने मनगट दाबलं, फिरवलं, मूठ वळायला लावली. मग म्हणाली, "तुमाला कुऱ्हाड न्हाय देत मी. उचलून मारायचं कामच नगं."

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून तिने वीतभर लांबीचं, जाड पाठीचं पातं घडवलं. नवऱ्याने त्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून विझवून कणखर केलं. आखूड, जाड दांडा बसवला. सोबत बाभळीची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, दिली. लोखंडी हातोडा वापरायचा नाही, पाठीचे कपचे उडतात. पातं उजव्या हाताने लाकडावर नुसतं टेकवायचं, मोगरी डाव्या हाताने मारायची. पातं रुतलं की उजवा हात सोडून द्यायचा.

आईची पहिली मोगरी हुकली. दुसरी दांड्यावर बसली. "डाव्यानं मला न्हाय जमायचं," ती म्हणाली.

"आज न्हाय जमायचं," लोहारीण शांतपणे म्हणाली, "आठ दिवसानं जमंल."

सातव्या की आठव्या टोल्याला ओंडका उभा चिरला. आईने दोन्ही फाकी हातात घेऊन बघितल्या आणि दुसरा ओंडका मागितला. तिथे आमचा तास गेला. साडेचारशे रुपये झाले, त्यात मी घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका. नळदुर्गची कुऱ्हाड तिथेच ठेवून आले, लोहारणीला तिच्या लोखंडाचा उपयोग होता.

पुण्यात आल्यावर आठवडाभर मी रोज सकाळी फोन करत होते. मनगट दुखतं का, मोगरीखाली बोट सापडलं नाही ना, जमतंय ना. दादाही संध्याकाळी तेच विचारायचा. नवव्या दिवशी आईनेच फोन केला. शेजारच्या सुनेलाही टोपलंभर ढलप्या फोडून दिल्या म्हणाली. मी पुन्हा मनगटाचं विचारलं.

"ये की शनिवारी," ती म्हणाली. "पर बघाय येऊ नगं. भेटाय ये."

शनिवारी निघतेय.