पहिल्या तासाचे विद्वान

आमच्या ह्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, फक्त पहिल्या तासापुरतं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. म्हणजे टोमणा आहेच, पण खरंही आहे. प्रोग्रामिंग म्हणा, नेटवर्किंग म्हणा, डेटा, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, कशाचंही नाव काढा, हे त्याचा पहिला तास तोंडपाठ म्हणून दाखवतील. दुसऱ्या तासाला काय शिकवतात, असं विचारलं की ह्यांना एकदम पाणी प्यावंसं वाटतं.

झालं असं, की ह्यांचा जन्म एका फोटो स्टुडिओत गेला. पासपोर्टचे फोटो काढायचे. ‘हनुवटी जरा खाली, डोळे उघडे, हसू नका,’ दिवसभर हेच. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाही हे मला पहिलं वाक्य काय बोलले असतील, तर ‘जरा डावीकडे सरका, उजेड येतोय.’ मग लोक फोनवरच फोटो काढायला लागले आणि मालकांनी एक दिवस सांगून टाकलं, की वर्षअखेरीला शटर खाली. मालक भला माणूस. त्यांचा भाचा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर आहे, त्याच्याकडे त्यांनी ह्यांच्यासाठी शब्द टाकला. भाचा ह्यांना म्हणाला, “वयाचं बघू आपण. पण काका, एक कोर्स पूर्ण करून या. कुठलाही चालेल. तोवर जागा धरून ठेवतो.”

त्या ‘कुठलाही’नं घात केला. त्यानं एखादं नाव घेतलं असतं, तर हे मान खाली घालून गेले असते. पण हा माणूस बाजारात खरबूज आणायला गेला, की ढिगातलं प्रत्येक खरबूज हुंगतो आणि शेवटी कांदे घेऊन घरी येतो. त्याला तुम्ही कुठलाही म्हणता?

त्यात सल्ला द्यायला काय, कुणाच्या बापाचं जातंय. मोठे भावजी म्हणाले, सायबर सिक्युरिटी कर, आज त्याचीच चलती आहे. भावजींना स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड आठवत नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. नणंदबाईंचं म्हणणं पडलं, की हार्डवेअर शिक. त्यांचा प्रिंटर वर्षभर टेबलक्लॉथखाली बसून होता. आमची लेक तेवढी शहाणी. ती म्हणाली, “बाबा, सगळीकडे डेमो लेक्चर असतं. फुकट असतं. बसून बघा, आवडेल ते घ्या.”

झालं, माकडाच्या हाती कोलीत. ह्यांनी शहरातला एक डेमो सोडला नाही. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि प्रत्येक क्लासकडून एक पेन, एक कप असं काहीबाही घेऊन यायचे. आमच्या घरात आता एकाही कपाला जोडीदार नाही. पाहुणे आले, की प्रत्येकाच्या हातात वेगळ्या क्लासची जाहिरात.

आल्यावर जेवताना प्रवचन. “कॉम्प्युटरला स्वतःचं डोकं नसतं. आपण सांगू तेवढंच तो करतो, उलट बोलत नाही.” मी म्हटलं, असा एखादा घरात हवाच होता. मग प्रोग्रामिंगवाल्यांनी ह्यांना चहा कसा करायचा त्याच्या पायऱ्या लिहायला लावल्या. म्हणे प्रोग्राम लिहिणं म्हणजे तेच. आता ह्या गृहस्थांनी आयुष्यात चहा केलेला नाही. पायऱ्या मात्र मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या: पातेलं घ्या, पाणी घाला, साखर घाला, पावडर घाला, दूध घाला, गाळा, प्या. लेकीनं विचारलं, “बाबा, गॅस?” हे म्हणाले, “तो दुसऱ्या तासाला असेल.”

नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तर तेलाची गिरणी लागली असती. दिवस चालले होते. स्टुडिओतला मागचा पडदा मालकांनी विकून टाकला तरी ह्यांचं आपलं चालूच, “उद्या एक क्लाउडचा ऐकतो, मग ठरवतो.” शेवटी माझं डोकं फिरलं. मी स्वतः गेले आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सला ह्यांचं नाव घालून आले. टेस्टिंगच का? तर तिथल्या मुलीनं सांगितलं, की दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. खरं तर ही नोकरी मला मिळायला हवी. पण म्हटलं, असू दे, पगार घरात तरी येईल.

पहिल्या दिवशी स्वारी खुशीत. दुसऱ्या दिवशीही शर्ट, बॅग, सगळं वेळेवर. आणि संध्याकाळी मला क्लासमधून त्या मुलीचा फोन, “काकू, काकांची तब्येत बरी आहे ना? आज आले नाहीत.”

काय काय मनात येऊन गेलं ते सांगत नाही. तास संपायच्या वेळेला हे दारात उभे, आणि हातात नवा कोरा कप.

“कुठे होतात?”

“क्लासला.”

“कुठल्या?”

ह्यांनी कप माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, “ॲप डेव्हलपमेंट. त्यांचा आज डेमो होता.”

म्हणजे एका क्लासचा दुसरा तास बुडवून हा मनुष्य दुसऱ्या क्लासच्या पहिल्या तासाला जाऊन बसला होता. बाहेरख्याली नवऱ्यांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, हा प्रकार नवीन होता. मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात हे खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “अगं, पहिल्या दिवशी कुणालाच काही येत नसतं. सगळे सारखे. दुसऱ्या दिवशी ज्याला येत नाही, तो एकटाच असतो.”

शाळेत ह्यांना शेवटच्या बाकावर बसवून ठेवायचे, हे सासूबाई हसत हसत सांगायच्या आणि मीही हसायचे. त्या बाकावर ह्यांना कसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण ते चेहऱ्यावर दाखवलं असतं, तर हे आणखी आठवडाभर घरी बसले असते.

“उद्या मी येते,” मी म्हटलं.

त्या क्लासमध्ये शाळकरी पोरांचीही एक बॅच असते आणि त्यांच्या पालकांना मागे बसू देतात. मी त्या मुलीला म्हटलं, मला ह्यांची पालक धरा. तिनं एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि मला खुर्ची दिली. चुकलेला तास सरांनी सगळ्यांसाठी परत घ्यायचं ठरवलं होतं, कारण आदल्या दिवशी निम्म्या वर्गानं दांडी मारली होती. हे ऐकून ह्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कोर्टात निर्दोष सुटले.

सर आमच्या लेकीच्या वयाचे. त्यांनी फळ्यावर एक चौकट काढली. म्हणाले, “समजा, हा स्क्रीनवरचा फॉर्म आहे. इथे वय लिहायचं. अठरा ते साठ चालेल, बाकी नाही. तर आपण सतरा, अठरा, साठ आणि एकसष्ट घालून बघायचं. चुका काठावरच सापडतात. कळलं?”

“होऽ,” सगळा वर्ग.

ह्यांनी मागे माझ्याकडे बघितलं. मान लाल झाली होती. मी मुद्दाम छताकडे बघायला लागले, काय करायचं ते ज्याचं त्यानं करावं. मग दिसलं, की ह्यांचा हात वर गेलाय. पूर्ण नाही, कानापर्यंत.

“सर, मला नाही कळलं.”

सरांनी पुन्हा सांगितलं. “आता?”

“आताही नाही. माझं वय बावन्न. मला कुणी तपासणारच नाही का?”

पोरं हसली. हेही हसले. सरांनी थोडा विचार केला. म्हणाले, “काका, एखादा मधला आकडाही आपण घालतो, तुम्हाला वगळत नाही. पण दाराची उंची बरोबर आहे का बघायचं, तर बुटक्याला किती वेळा आत-बाहेर करणार? ज्याचं डोकं जेमतेम लागतं, त्यालाच बोलवायचं.”

“हां,” हे म्हणाले. “आता थोडं कळलं.”

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं वळून हळूच सांगितलं, “काका, बरं झालं विचारलंत.”

घरी येताना हे वाटेतल्या प्रत्येक दाराची उंची बघत होते. मला तर पहिल्या वेळीच कळलं होतं, पण मी आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरली. कोपऱ्यावर आल्यावर हे थांबले आणि म्हणाले, “उद्या तू आली नाहीस तरी चालेल. मी जाईन.”

मला बरं वाटलं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण चार पावलं गेल्यावर मला रागही आला, कारण सरांनी सांगितलं होतं, की उद्या वयाऐवजी नावाची चौकट तपासायला शिकवतो, आणि ते मला ऐकायचं होतं.