बोटीच्या तारखा

धाकटी चष्म्याच्या काचा घासायची. दुकानामागच्या खोलीत एक यंत्र, एक नळ, एक स्टूल. गिऱ्हाइकाने निवडलेल्या फ्रेमच्या मापाची काच कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, नीट बसवून द्यायची. अर्धांगवायूच्या झटक्याने आईची उजवी बाजू गेली, तेव्हा धाकटीने काम अर्ध्या दिवसावर आणलं. चार वर्षं झाली तरी ते अर्धंच राहिलं. सकाळी शेजारच्या मावशी आईजवळ बसायच्या, दुपारी धाकटी धावतपळत घरी यायची.

ताई दातांची डॉक्टर, दुसऱ्या शहरात. नवरा, दोन मुलं, स्वतःचा दवाखाना. येणं व्हायचं नाही, पण रविवारचा फोन कधी चुकला नाही. धाकटी फोन स्पीकरवर टाकायची, म्हणजे आईची चादर बदलता बदलता बोलता यायचं.

बोटीचा विषय ताईनेच काढला. तिचा कुणी पेशंट कॅरिबियन समुद्रात आठवडाभर बोट भाड्याने घेऊन हिंडून आला होता. बोटीबरोबर कप्तान मिळतो, स्वयंपाकीण मिळते, आपण नुसतं पाय पसरून बसायचं.

"सगळं झालं की आपण दोघी जाऊ," ताई म्हणाली. "तुझा खर्च माझ्याकडे."

'सगळं झालं की' म्हणजे काय, हे दोघींपैकी कुणीच उलगडून बोललं नाही.

आधी ती थट्टाच होती. मग ताईने बोटीच्या कंपनीला फोन केला आणि थट्टेला हातपाय फुटले. रविवार बोटीचाच झाला. कुठल्या बेटावरून निघायचं, रात्री कुठल्या खाडीत नांगर टाकायचा. चाकांची बॅग चालत नाही, घडी होणारी कापडी पिशवीच हवी. बोटीवर अनवाणी वावरायचं.

"उशी मऊ हवी की कडक, विचारतायत," ताई म्हणाली.

"मला? अगं, जन्मात कुणी माझ्या उशीची चौकशी केली नाही! मऊ सांग. दोन सांग."

धाकटी इतकी हसली की आईला कुशीवर वळवणारा तिचा हात हलला आणि आई कण्हली.

तारखेचं घोडं मात्र अडलं. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे दिवस, आणि त्यानंतरच्या चांगल्या बोटी लोक आधीच अडवून ठेवतात.

"डॉक्टर काय म्हणतात? यंदाचा हिवाळा?" ताईने विचारलं.

"निघेलसं वाटत नाही म्हणाले."

"मग फेब्रुवारी धरू."

"धर."

नळ दुरुस्तीवाल्याला वेळ द्यावी, इतक्या सहज दोघी बोलल्या.

आईला काही कळत नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. झटक्यानंतर तिच्याकडे 'पाणी', 'नको', 'जा' असे मोजकेच शब्द उरले होते, आणि तेही भलत्याच जागी निघायचे. तहान लागली की ती "जा" म्हणायची. त्यामुळे तिच्या शब्दांवर कुणी विसंबत नसे.

त्या आठवड्यात एक नवा शब्द आला. डावा हात उचलून ती म्हणाली, "बोट."

धाकटीने तिची बोटं निरखून पाहिली. अंगठी रुतत असेल म्हणून साबण लावून काढली. नखं कापली. तेल लावून एकेक बोट चोळलं. आई मान हलवत राहिली. "बोट. जा."

"कुठलं गं? हे? का हे?"

"मुंग्या येत असतील," मावशींनी निदान केलं.

त्याच सुमारास आईने तोंड मिटून घ्यायला सुरुवात केली. चमचा ओठांशी आला की दातखीळ बसल्यासारखी पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात गिळणं कमी होत जातं, जबरदस्ती करू नका. ताईला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फेब्रुवारी नक्की."

पुढच्या रविवारी ताईने बोटीचा फोटो पाठवला. पातळ केलेला भात कालवताना धाकटीने फोन पलंगावर ठेवला होता. आईचा डावा हात सरपटत तिथवर गेला. फोटोवर तळवा टेकवून ती म्हणाली, "बोट." मग लेकीकडे पाहिलं. "जा."

धाकटीने भाताची वाटी खाली ठेवली.

"आई, तू आमचं बोलणं ऐकत होतीस?"

आईने पापण्या मिटून 'हो' म्हटलं.

"म्हणून जेवत नाहीस?"

या वेळी पापण्या मिटल्या नाहीत. आई नजर न हलवता म्हणाली, "जा." चार वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या जागी पडला होता.

स्वयंपाकघरात जाऊन धाकटीने ताईला फोन लावला. "बोट रद्द कर."

"वेडी आहेस का? तिला काय कळतंय!"

"सगळं कळतंय, ताई. पहिल्यापासून."

मग ताई म्हणाली, "मी तुझ्यासाठीच करत होते गं."

"माहितेय."

धाकटी खोलीत परत आली आणि जवळजवळ ओरडलीच. "रद्द केली बोट! उपाशी मेलीस तरी मी जाणार नाहीये. आता मुकाट्याने तोंड उघड."

आईने उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात जात राहिलं. त्यानंतरच्या सकाळी तिने पहिला चमचा घेतला.

त्यानंतर आई दीड वर्ष जगली. ते दिवस चांगले नव्हते. पाठीला जखमा झाल्या, उरलेले शब्दही गेले. जखमा धुताना आई दात आवळायची, आणि धाकटीच्या मनात यायचं, हिने स्वतःची वाट शोधली होती, ती मी अडवली. हिच्यासाठी, की माझ्या डोक्याला पाप नको म्हणून? हे विचारावं असं तिला कुणी नव्हतं. मग ती आईला दुकानातल्या गोष्टी सांगत बसायची. एका आजोबांनी नवा चष्मा लावून बायकोकडे पाहिलं आणि जुनाच परत मागितला. आई ऐकायची. हसायची की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नसे.

एका दुपारी आई गेली. ताई आली, आठ दिवस राहिली. चादरींच्या घड्या घालताना तिने हळूच विचारलं, "जायचं का आता?"

"तू जा, ताई," धाकटी म्हणाली. त्यात राग नव्हता. पुढच्या हिवाळ्यात ताई नवऱ्यामुलांना घेऊन बोटीवर जाऊन आली.

धाकटीने काम पूर्ण दिवसाचं करून घेतलं. पहिल्या दिवशी दुकान सुटल्यावर ती सवयीने धापा टाकत घरी आली, दाराला कुलूप पाहिलं, आणि किल्ली हातात घेऊन पायरीवर बसून राहिली.